विश्लेषण : भाषेने दुभंगलेल्या बेल्जियमला राजा अजूनही का हवा आहे?

३ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रसेल्सच्या राजवाड्यात बार्ट डी वेव्हर यांनी राजे फिलिप यांच्यासमोर बेल्जियमच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या शपथेची सुरुवातच राजाशी एकनिष्ठ राहण्याच्या वचनाने होते. यात नवल ते काय, असे वाटेल. पण डी वेव्हर यांच्या ‘न्यू फ्लेमिश अलायन्स’ या पक्षाच्या घटनेत स्वतंत्र फ्लेमिश प्रजासत्ताक हे ध्येय म्हणून लिहिलेले आहे. म्हणजे ज्या पक्षाला अखेरीस ना बेल्जियम हवा आहे ना राजा, त्याच पक्षाचा नेता बेल्जियमच्या राजापुढे उजवा हात वर करून उभा होता. डी वेव्हर यांचे मतपरिवर्तन झाले, असा याचा अर्थ नाही. राजाला हटवण्याची भाषा करणे बेल्जियममध्ये सोपे आहे. हटवल्यावर त्या जागी कोण, हे दोन्ही भाषांच्या लोकांना पटेल असे सांगणे आजवर कुणालाच जमलेले नाही.

बेल्जियम नेमका किती दुभंगलेला?

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातील सत्तावाटपाचा धडा वाचलेल्यांना बेल्जियम आठवत असेल. श्रीलंकेने बहुसंख्याकांची भाषा लादली आणि यादवी ओढवून घेतली, बेल्जियमने सत्ता वाटून घेतली आणि देश वाचवला, असा त्या धड्याचा आशय. तो खराच आहे. पण सत्ता वाटून घेताना या देशात किती गोष्टी दोन झाल्या, हे त्या धड्यावरून पुरते कळत नाही.

महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम एक दशांश एवढा हा देश. लोकसंख्या सुमारे १ कोटी १८ लाख. उत्तरेला डच बोलणारा फ्लँडर्स, दक्षिणेला फ्रेंच बोलणारा वलोनिया, मध्ये कागदोपत्री द्विभाषिक आणि व्यवहारात बहुतांशी फ्रेंच असलेले ब्रसेल्स, आणि पूर्वेच्या टोकाला ऐंशी हजारांच्या आसपास जर्मन भाषक. फ्लँडर्समध्ये देशाचे निम्म्याहून अधिक लोक राहतात. शाळा, दूरचित्रवाणी, वर्तमानपत्रे, लोकप्रिय मालिका, त्यांतले नट-नट्या, सारे वेगवेगळे. ख्रिश्चन डेमोक्रॅट, उदारमतवादी आणि समाजवादी हे तिन्ही जुने पक्ष १९६८ ते १९७८ या काळात भाषेवरून फुटले. आज डाव्या टोकाचा मजूर पक्ष सोडला, तर दोन्ही बाजूंना एकच झेंडा घेऊन लढणारा दखलपात्र पक्ष नाही. अँटवर्पच्या मतदाराला वलोनियातील पक्षाला मत द्यायचे म्हटले तरी ते नाव त्याच्या मतपत्रिकेवर नसते.

लूव्हेनच्या विद्यापीठाची गोष्ट बेल्जियमबाहेरही सांगितली जाते. पंधराव्या शतकातील हे विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेच्या आंदोलनामुळे दोन करायचे ठरले. फ्रेंच विभागासाठी भाषिक सीमेपलीकडे नवे गावच वसवण्यात आले. ग्रंथालयाची पुस्तकेही वाटली गेली, आणि त्यांतला मोठा हिस्सा सम आणि विषम क्रमांकांनुसार. ग्रंथमालिकेचे काही खंड इकडे, काही तिकडे! भाऊबंदकीच्या वाटणीत तांब्या-पितळेची भांडी मोजणाऱ्यांनाही हे सुचले नसते.

आणखी एक तपशील महत्त्वाचा. बेल्जियमच्या जनगणनेत भाषा विचारली जात नाही. १९४७ नंतर ती मोजलीच गेलेली नाही, कारण मोजणीच्या आकड्यांवरून गावे या बाजूची की त्या बाजूची, याचे तंटे होत. म्हणून १९६१ मध्ये तो प्रश्न कायद्यानेच काढून टाकला आणि लगोलग भाषिक सीमा कायमची आखून टाकली. जे विचारले की भांडण होते ते विचारायचेच नाही, ही या देशाची रीत आहे. राजाच्या बाबतीतही तीच लागू पडते.

राजा आला कुठून?

१८३० मध्ये ब्रसेल्समध्ये एका ऑपेराच्या प्रयोगानंतर दंगल उसळली आणि तिचे पर्यवसान नेदरलँड्सपासून स्वातंत्र्यात झाले. नव्या देशाने राज्यघटना आधी केली आणि राजा नंतर शोधला. युरोपातील मोठ्या सत्तांना पटेल असा राजा हवा होता. फ्रान्सच्या राजाच्या मुलाची निवड झाली, पण ती ब्रिटनच्या दबावामुळे टिकली नाही. अखेर सॅक्स-कोबर्ग घराण्यातील लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राला बोलावण्यात आले. हे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे मामा. धर्माने प्रोटेस्टंट, आणि देश कॅथलिक. २१ जुलै १८३१ रोजी त्यांनी घटनेची शपथ घेतली. आजही बेल्जियमचा राष्ट्रीय दिन हाच.

त्या वेळी घेतलेल्या दोन निर्णयांनी या राजेशाहीचा स्वभाव ठरवला. पदाचे नाव ‘बेल्जियमचा राजा’ नाही, ‘बेल्जियनांचा राजा’ असे आहे. तो भूमीचा धनी नाही. दुसरे म्हणजे इथे राज्याभिषेक नाही, मुकुट डोक्यावर चढवणे नाही. आधीचा राजा गेला म्हणून मुलगा आपोआप राजा होत नाही. संसदेपुढे शपथ घेतल्यावरच तो राजा. ती शपथ पहिल्या दोन राजांनी फ्रेंचमध्येच घेतली. त्यात डच भाषेला स्थान मिळाले ते १९०९ मध्ये, अल्बर्ट पहिले यांच्या वेळी. त्याआधीची पाऊणशे वर्षे दरबार, न्यायालय, सैन्य, उच्च शिक्षण, सगळीकडे फ्रेंचचेच राज्य होते. घटनेच्या डच मजकुराला अधिकृत दर्जा मिळायला तर १९६७ साल उजाडले. फ्लेमिश माणसाच्या मनात राजवाड्याविषयी जी अढी दिसते तिचे मूळ इथे आहे, आणि ती अढी अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही.

लोकांना एकदाच विचारले, तेव्हा काय झाले?

बेल्जियमच्या इतिहासात देशव्यापी सार्वमत फक्त एकदा झाले. १२ मार्च १९५० रोजी. प्रश्न राजाविषयीच होता.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा घुसल्यावर अठरा दिवसांच्या लढाईनंतर राजे लिओपोल्ड तिसरे यांनी शरणागती पत्करली. मंत्रिमंडळाने आग्रह धरला होता की त्यांनी सरकारबरोबर देशाबाहेर पडून लढा चालू ठेवावा. त्यांनी ते ऐकले नाही आणि जर्मनांच्या ताब्यातील देशातच ते राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते हिटलरला भेटले. १९४१ मध्ये, हजारो बेल्जियन सैनिक युद्धकैदी म्हणून छावण्यांत असताना, त्यांनी दुसरे लग्न केले. या कैद्यांतही भाषेचा भेद होता. जर्मनीने बहुतेक डच भाषक सैनिकांना लवकर सोडून दिले, फ्रेंच भाषक मात्र युद्ध संपेपर्यंत अडकून पडले. ज्या घरातला कर्ता पुरुष पाच वर्षे परत आला नाही, त्या घरात राजाच्या लग्नाची बातमी कशी पोहोचली असेल, हे वेगळे सांगायला नको. १९४४ मध्ये जर्मनांनी राजालाच उचलून नेले. सुटका झाल्यावर ते स्वित्झर्लंडमध्ये राहिले आणि त्यांचे धाकटे भाऊ चार्ल्स राजप्रतिनिधी म्हणून काम पाहू लागले. राजाने परत यावे की नाही यावर पाच वर्षे वाद चालला. शेवटी लोकांनाच विचारायचे ठरले.

निकाल लागला : ५७.६८ टक्के लोकांनी राजाच्या बाजूने मत दिले. एरवी कोणत्याही लोकशाहीत हा स्पष्ट कौल ठरला असता. पण तोच आकडा भाषिक प्रदेशांनुसार मांडला, तर फ्लँडर्समध्ये ७२ टक्के, ब्रसेल्समध्ये ४८ आणि वलोनियात अवघे ४२. वलोनियातही नामूर आणि लक्झेम्बर्ग या ग्रामीण, कॅथलिक प्रांतांत होकाराचे बहुमत होते. नकार खरा आला तो कोळसा आणि पोलादाच्या पट्ट्यातून, लिएज आणि हेनो प्रांतांतून. पण या बारकाव्यांकडे पाहण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते. फ्लेमिशांचा राजा फ्रेंच भाषकांवर लादला जातो आहे, असा त्या निकालाचा अर्थ झाला.

२२ जुलैला लिओपोल्ड परतले आणि दक्षिणेत संप भडकला. रेल्वे उखडली गेली, कारखाने थांबले. ३० जुलैला लिएजजवळच्या ग्रास-बर्लेर इथे सशस्त्र पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि त्यात चार जणांचा बळी गेला. ब्रसेल्सवर मोर्चा काढायची तयारी झाली. वलोनियाचे वेगळे सरकार बनवण्याची उघड चर्चा सुरू झाली. ३१ जुलैच्या रात्री उशिरापर्यंत वाटाघाटी चालल्या आणि अखेर सार्वमत जिंकलेल्या राजाने हार मानली. ११ ऑगस्टला वीस वर्षे पूर्ण नसलेल्या बोदुआँ या मुलाने संसदेत शपथ घेतली. त्या समारंभात ‘प्रजासत्ताकाचा विजय असो’ अशी घोषणा झाली. तिचे श्रेय कम्युनिस्ट नेते ज्युलियँ लाओ यांना दिले जाते. आठवड्याभरात, १८ ऑगस्टला, त्यांच्या घराच्या दारात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

हा सगळा प्रसंग तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. बेल्जियममध्ये राजेशाहीला किती टक्के पाठिंबा, असा प्रश्न विचारणाऱ्या जनमत चाचण्या अधूनमधून होतात. त्यांत बहुधा राजा ठेवावा असे म्हणणाऱ्यांची बाजू जड असते आणि मग ‘बेल्जियन जनता राजाच्या पाठीशी’ असा मथळा सजतो. १९५० चा अनुभव सांगतो की हा एकत्रित आकडा इथे फारसा कामाचा नाही. देशात ५८ टक्के मिळवून राजा हरला, कारण एका भाषेच्या प्रदेशात त्याला ४२ टक्केच होते. दोन भाषांच्या देशात बहुमत दोनदा मोजावे लागते. दोन्हीकडे प्रेम नसले तरी चालेल, पण एकीकडे असह्य झाले की संपले.

मग नकाशा उलटा कसा झाला?

गंमत अशी की आज तोच नकाशा नेमका उलटा आहे. राजाला भक्कम पाठिंबा फ्रेंच भाषकांत, आणि कुरकुर, प्रजासत्ताकाची भाषा ती फ्लँडर्समध्ये. १९५० मध्ये राजाविरुद्ध रेल्वे उखडणाऱ्यांची नातवंडे आज राष्ट्रीय दिनाला तिरंगी झेंडे घेऊन उभी असतात. दोन पिढ्यांत काय बदलले?

राजवाड्यात फार काही बदलले नाही; बदलले ते बाहेर. वलोनियाच्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडल्या, पोलादाच्या भट्ट्या विझत गेल्या. एके काळी गरीब, शेतकरी, कॅथलिक असलेल्या फ्लँडर्सने बंदरे, रसायने आणि नव्या उद्योगांच्या जोरावर वलोनियाला मागे टाकले. निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, आरोग्यविमा हे अजूनही संपूर्ण देशाच्या एकाच तिजोरीतून चालते, आणि त्या तिजोरीत आपण जास्त घालतो, दक्षिण जास्त काढते, ही फ्लँडर्समधील राजकारणाची रोजची तक्रार आहे. म्हणजे देश फुटला तर कुणाचे अधिक नुकसान, याचे उत्तर बदलले. ज्याला फुटण्याची भीती अधिक, तो राजाला अधिक धरून. फ्रेंच भाषकांसाठी राजा हा एका अर्थी विम्याचा कागद झाला आहे. विम्याच्या कागदावर कुणी प्रेम करत नाही, पण तो फाडूनही टाकत नाही.

डिसेंबर २००६ मध्ये फ्रेंच भाषेतील सार्वजनिक वाहिनीने रात्रीचा कार्यक्रम मध्येच थांबवून बातमी दिली की फ्लँडर्सने स्वातंत्र्य जाहीर केले आहे आणि राजे देश सोडून गेले आहेत. बातमी बनावट होती. लोकांना विचार करायला लावण्यासाठी तो घाट घातला, असे नंतर सांगण्यात आले. पण कितीतरी प्रेक्षकांनी ती खरी मानली. वाहिनीने देश संपल्याची खूण म्हणून कोणते चित्र निवडले, हे पाहण्यासारखे आहे : राजा निघून गेला! संसद बरखास्त झाली किंवा सैन्य फुटले, असे सांगण्यापेक्षा ते अधिक पटण्याजोगे होते.

फ्लँडर्समध्ये सारेच राजाविरोधी आहेत, असे मात्र मानू नये. ऑगस्ट १९९३ मध्ये बोदुआँ यांच्या अंत्यदर्शनाला जी अफाट गर्दी लोटली, तीत दोन्ही भाषांचे लोक होते. फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षांना मत देणाऱ्यांतही देश मोडावाच असे म्हणणारे सगळे नाहीत. निवडणुकांच्या अभ्यासांत संपूर्ण स्वातंत्र्य हवे असलेले फ्लेमिश अल्पमतातच आढळत आले आहेत. उत्तरेकडे राजाविषयी द्वेषापेक्षा बेफिकिरी जास्त आहे. आणि बेफिकिरीची अडचण ही की ती कोणत्या दिवशी कुणीकडे झुकेल, हे सांगता येत नाही.

राजा प्रत्यक्षात करतो काय?

कागदावर बरेच, प्रत्यक्षात थोडे. घटनेनुसार राजाच्या कोणत्याही कृतीला मंत्र्याच्या सहीशिवाय अर्थ नाही. १९९० मध्ये धर्मनिष्ठ कॅथलिक बोदुआँ यांनी गर्भपाताला मर्यादित परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही करायला सद्सद्विवेकाचे कारण देऊन नकार दिला. तेव्हा सरकारने ४ एप्रिलला राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचे जाहीर केले, मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाला पुन्हा पदावर बसवले. युक्ती हसण्यासारखी वाटेल, पण कायदाही झाला आणि राजाही राहिला.

राजाचे खरे काम सुरू होते ते निवडणुकीनंतर. इथे सरकार बनवण्यासाठी दोन्ही भाषांचे चार-पाच पक्ष एकत्र यावे लागतात. राजा एकेका नेत्याला राजवाड्यात बोलावतो. त्या खोलीत जे बोलले जाते ते बाहेर सांगायचे नाही, हा कडक संकेत. मग तो कुणाला तरी चाचपणीसाठी नेमतो, कुणाला मध्यस्थ, कुणाला सरकार बनवणारा. २०१०-११ मध्ये सरकार बनायला ५४१ दिवस लागले, तेव्हा अल्बर्ट दुसरे यांच्यावर या नेमणुकांसाठी नवनवी पदनामे शोधण्याची वेळ आली. त्यांतले एक होते ‘स्पष्टता आणणारा’, आणि ते वाट्याला आले होते याच डी वेव्हर यांच्या. स्पष्टता काही आली नाही, हा भाग वेगळा.

तेव्हा राजामुळे सरकारे लवकर बनतात, हा दावा टिकत नाही. शेजारच्या नेदरलँड्सने २०१२ मध्ये हे काम राणीकडून काढून संसदेकडे दिले. तिथे २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकारला २९९ दिवस लागले. राजा असलेल्या बेल्जियमने त्याहून वाईट कामगिरी दोनदा केलेली आहे. राजाचा उपयोग वेगात नाही. वाटाघाटी फिसकटल्या की त्या पुन्हा कुणी सुरू करायच्या, हा मानापमानाचा प्रश्न होतो. पहिला फोन कुणी करायचा? राजा बोलावतो तेव्हा कुणालाही कमीपणा येत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डी वेव्हर यांनी सरकार बनवण्याची जबाबदारी परत केली, राजाने एका फ्रेंच भाषक नेत्याला मध्यस्थीला लावले आणि काही दिवसांत डी वेव्हर पुन्हा कामाला लागले. ३१ जानेवारी २०२५ ला पाच पक्षांत समझोता झाला.

राष्ट्राध्यक्ष का निवडत नाहीत?

खरा प्रश्न हा आहे. समजा बेल्जियमने राजा हटवला. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायचा ठरवले तर डच भाषक संख्येने अधिक, तेव्हा बहुधा प्रत्येक वेळी फ्लेमिश उमेदवार जिंकेल. प्रचार दोन भाषांत, दोन वेगळ्या वाहिन्यांवर आणि दोन वेगळ्या विषयांवर होईल. जी भाषिक जनगणना सहा दशकांपूर्वी बंद केली, तीच दर पाच वर्षांनी मतपेटीतून होऊ लागेल. फ्रेंच भाषक हे मान्य करणार नाहीत आणि त्यांनी का करावे?

भारतासारखी अप्रत्यक्ष निवडणूक घेता येईल. भारताचे राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. त्यांच्या मातृभाषेवरून कधी कधी चर्चा होते, पण ती निर्णायक नसते. कारण भारतात भाषा अनेक आहेत आणि मोठे पक्ष भाषांच्या सीमा ओलांडून जातात. बेल्जियममध्ये मोठे गट दोनच. दोनच असले की एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, असेच गणित मांडले जाते.

एकदा यांचा, एकदा त्यांचा, अशी पाळी लावता येईल. प्रजासत्ताकवाद्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बेल्जियमच्या घटनेने पंतप्रधान वगळता मंत्रिमंडळात दोन्ही भाषांचे मंत्री समसमान ठेवले आहेत. तिथे हे चालते तर राष्ट्रप्रमुखपदाला का नाही? स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा आहेत, राजा नाही, आणि सात जणांच्या मंडळात अध्यक्षपद दरवर्षी फिरते. मात्र स्वित्झर्लंडमध्ये पक्ष देशव्यापी आहेत, आणि भाषेच्या रेषा धर्माच्या व प्रांतांच्या रेषांवर जुळत नाहीत. एका प्रश्नावर विरोधात असलेले लोक दुसऱ्या प्रश्नावर सोबत येतात. बेल्जियममध्ये भाषा, प्रदेश, पक्ष आणि पैसा यांच्या रेषा बऱ्याच अंशी एकावर एक पडतात. पाळीचा अध्यक्ष पाळीपुरता सगळ्यांचा असेल की त्याच्या बाजूचा, याची खात्री आज कुणी देऊ शकत नाही.

शिवाय हे सगळे करायचे तर संसदेने आधी घटनेची कलमे दुरुस्तीला खुली करायची, मग निवडणूक घ्यायची आणि नव्या संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत मिळवायचे. एवढी एकी दाखवू शकणाऱ्या देशाला मग राजाची गरज तरी किती उरेल?

हाच उपाय इतरत्र का चालत नाही?

राजा असला की भाषिक दरी बुजते, असा कुणी समज करून घेऊ नये. कॅनडातील क्वेबेकमध्ये ब्रिटिश राजसत्ता म्हणजे इंग्रजांची सत्ता, असे मानणारे बहुसंख्य आहेत. २०२२ च्या अखेरीस तिथल्या विधानसभेने राजाशी निष्ठेची शपथ ऐच्छिक केली. स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या सार्वमतानंतर ३ ऑक्टोबर २०१७ रोजी राजे फेलिपे यांनी दूरचित्रवाणीवरून फुटीरवाद्यांना कडक शब्दांत सुनावले. उर्वरित स्पेनमध्ये त्यांचे कौतुक झाले आणि अनेक कॅटलान लोकांच्या लेखी ते एका पक्षाचे झाले. दोन्ही ठिकाणी राजा कुणाचा तरी आहे. बेल्जियमचे घराणे बाहेरून आणलेले, हा त्याचा मोठा गुण ठरला. अर्थात राजे फिलिप डच नीट बोलतात का, याकडे फ्लेमिश पत्रकार आजही कान टवकारून असतातच.

मग विरोध कशाला आहे?

विरोधाची कारणे खरी आहेत. पहिले आणि सर्वांत जड कारण काँगो. लिओपोल्ड दुसरे यांनी १८८५ ते १९०८ या काळात आफ्रिकेतला तो प्रचंड प्रदेश देशाची वसाहत म्हणून नव्हे, स्वतःची खासगी मालमत्ता म्हणून चालवला. रबरासाठी तिथल्या लोकांवर जे अत्याचार झाले ते इतिहासातील काळ्या प्रकरणांपैकी एक आहे. २०२० मध्ये राजे फिलिप यांनी काँगोच्या अध्यक्षांना पत्र लिहून तीव्र खेद व्यक्त केला, २०२२ मध्ये तिथे जाऊन तोच पुन्हा बोलून दाखवला. माफी मात्र मागितली नाही. राजाला ती सरकारच्या संमतीशिवाय मागता येत नाही, हे खरे. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना या घटनात्मक बारकाव्याने समाधान कसे मिळावे?

दुसरे कारण घरगुती. अल्बर्ट दुसरे यांनी विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलीला वर्षानुवर्षे नाकारले आणि न्यायालयीन लढाईनंतर, डीएनए चाचणीचा निकाल आल्यावर, २०२० मध्ये मान्य केले. राजपुत्र लॉरेन्ट यांनी सरकारला न विचारता लष्करी गणवेशात चिनी दूतावासाच्या समारंभाला हजेरी लावली, तेव्हा संसदेने २०१८ मध्ये त्यांचा भत्ता एका वर्षासाठी १५ टक्के कापला. ही शेवटची घटना विरोधाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, पण ती उलटही वाचता येते : राजघराण्याचा पगार संसद कापू शकते, आणि कापतेही.

तिसरे कारण राजकीय आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. राजा आहे म्हणून नेत्यांना एकमेकांच्या मतदारांसमोर जावे लागत नाही. फ्लेमिश नेत्याने वलोनियात जाऊन फ्रेंचमध्ये स्वतःची बाजू मांडावी, असे त्याला भाग पाडणारे काहीच व्यवस्थेत नाही. ‘देश एकत्र ठेवणे’ हे काम राजाकडे सोपवून बाकीचे आपापल्या भाषेत भांडायला मोकळे. काही अभ्यासकांनी काही खासदार संपूर्ण देशातून निवडण्याची सूचना वर्षानुवर्षे लावून धरली आहे. ती अजून मान्य झालेली नाही. राजेशाहीवर टीका करायची तर ती इथे करायला हवी, राजवाड्याच्या खर्चावर नव्हे.

पुढे काय?

१९७० पासून झालेल्या एकामागून एक घटनादुरुस्त्यांनी शिक्षण, संस्कृती, रस्ते, घरे, शेती हे विषय प्रादेशिक सरकारांकडे गेले. तिथल्या मंत्र्यांचा राजाशी संबंध नाही. केवळ प्रादेशिक सरकारचे प्रमुख राजापुढे शपथ घेतात. प्रत्येक दुरुस्तीबरोबर राजाचे अंगण थोडे लहान होते. डी वेव्हर यांचा पक्ष राजाला केवळ समारंभापुरता ठेवावा, असे म्हणत आला आहे. २०१२ च्या नाताळच्या भाषणात अल्बर्ट दुसरे यांनी १९३० च्या दशकातील लोकानुनयाची आठवण करून दिली, तेव्हा तो टोला आपल्यालाच आहे असे मानून डी वेव्हर संतापले होते. त्याहून टोकाचा ‘व्लाम्स बेलांग’ हा पक्ष तर राजाच नको म्हणतो. २०२४ च्या निवडणुकीत १५० जणांच्या सभागृहात या दोघांना मिळून ४४ जागा मिळाल्या. राज्यघटना बदलायला त्या अपुऱ्या आहेत, दुर्लक्ष करायला फार.

राजवाड्यालाही हे कळते. फिलिप यांची थोरली कन्या एलिझाबेथ हिचा जन्म २००१ चा. १९९१ मध्ये वारसाहक्कातील मुलगा-मुलगी भेद काढून टाकल्यामुळे ती वारस आहे आणि राजपदावर आली तर बेल्जियमची पहिली राज्यकर्ती राणी ठरेल. तिला ब्रसेल्समधील डच माध्यमाच्या शाळेत घातले गेले, पुढे तिने लष्करी अकादमीत प्रशिक्षण घेतले. पणजोबांना जे जमले नाही ते तिला लहानपणापासून शिकवले जात आहे. तिच्या शपथेचा दिवस येईल तेव्हा ती तिन्ही भाषांत बोलेल, आणि समोरच्या बाकांवर बसलेल्यांपैकी किती जण टाळ्या वाजवतात यापेक्षा कोणत्या भाषेचे किती जण वाजवतात, हे दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे मोजतील.